आत्या इंग्लंडच्या टीव्हीवर नऊवारी नेसून दिसली होती, ते रेकॉर्डिंग शिल्लक असेल काय?

शहापूरचा_बाळू
नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र हाय पण इथं जुन्या टीव्ही-रेडिओचे नादिष्ट लोक आहेत म्हणून विचारायलोय. माझी आत्या सत्तरच्या दशकात नर्स म्हणून लीड्सला होती, आता कित्येक वर्षं झाली, वडगावात आमच्याकडंच असते. तिथं सिटी व्हरायटीज म्हणून एक जुनं थेटर, तिथनं बीबीसीचा 'द गुड ओल्ड डेज' कार्यक्रम व्हायचा. त्यात गाणारे, विनोद करणारे, कसरतवाले सगळे एकामागून एक यायचे आणि गंमत म्हणजे प्रेक्षकांनी पण आजी-पणजीच्या काळातले कपडे घालून बसायचं. बायका पिसांच्या मोठमोठ्या टोप्या घालून, बाप्ये नकली मिशा लावून. आमच्या आत्याकडं असले कपडे कुठले? तिनं आजीनं दिलेली इरकल नऊवारी नेसली, नथ घातली आणि मैत्रिणींबरोबर जाऊन बसली! दारावरच्या माणसानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सोडलं म्हणे आत.

कॅमेरा दोनदा तिच्यावर आला असं ती सांगते. पण ज्या रात्री कार्यक्रम दाखवला तेव्हा ही नाईट ड्युटीवर, त्यामुळं तिनं स्वतः कधी बघितलाच नाही. घरात कुणी विश्वास ठेवत नाही, चुलतभाऊ तर तिला 'बीबीसी' म्हणूनच हाक मारतो. मला ते रेकॉर्डिंग शोधून काढायचंय. पण मध्यंतरी कुठंतरी वाचलं की बीबीसीनं जुन्या टेपा पुसून टाकल्या, मग काही उरलंय की नाही?

कुंदा_स्पेशल
यूट्यूबवर बघितलास काय आधी? आणि नऊवारीतला आत्याचा फोटो तरी टाक की, पुरावा नको काय 😄

टेपवाला_निपाणी
बाळू, निराश होऊ नको. माझं कॅसेट-व्हीसीआर रिपेरीचं जुनं दुकान हाय त्यामुळं या विषयाचा नाद हाय मला, जरा लांबण लागंल.

पुसल्या हे खरंच हाय. टीव्हीसाठी टेपवर चित्र घेणारं पहिलं चालण्याजोगं मशीन १९५६ ला अँपेक्स या अमेरिकन कंपनीनं आणलं, त्याची टेप दोन इंच रुंद आणि भयंकर महाग. त्यामुळं कार्यक्रम एकदा दाखवला, फार तर एखादा रिपीट, की टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला. आपण नाही काय कॅसेटवर जुनं गाणं पुसून भावाच्या लग्नाची सनई भरायचो, तसंच. त्यात कलाकारांच्या आणि वादकांच्या युनियनचे करार असायचे, कार्यक्रम परत परत दाखवायला बंधन, दाखवला तर परत पैसे द्या. मग ठेवून करायचं काय, असा हिशेब. घरोघरी व्हिडिओ येईल आणि लोक जुनं विकत घेऊन बघतील हे त्यावेळी कुणाच्या डोक्यात नव्हतं. वर काळं-पांढरं म्हणजे रंगीत आल्यावर कवडीमोल.

आणि यात लहान-मोठं काही बघितलं नाही बरं का. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीचा 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' हा कार्यक्रम पुसायला काढला तेव्हा पीटर कुक स्वतः म्हणाला होता टेपांचे पैसे मी देतो, तरी ऐकलं नाही. बीटल्स चौघंही ७ डिसेंबर १९६३ ला 'ज्यूक बॉक्स ज्युरी' या नव्या गाण्यांवर मत द्यायच्या कार्यक्रमात बसले होते, त्याचं चित्र गेलं, फक्त आवाज उरलाय. तो कसा, तर लोक टीव्हीपुढं माईक धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचे!

जे उरलंय त्यातलं बरंच फिल्ममुळं उरलंय. टेलिरेकॉर्डिंग म्हणायचे त्याला, टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून शूटिंग. परदेशातल्या टीव्हीला विकायला अशा १६ एमएमच्या प्रिंट काढायचे, करार संपला की परत पाठवा नाहीतर नष्ट करा असं ठरलेलं. काहींनी दोन्ही केलं नाही, कपाटात टाकून विसरले. देव त्यांचं भलं करो. मोरकॅम्ब आणि वाइज या विनोदी जोडीच्या १९६८ च्या मालिकेतलं काही आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये सापडलं, आणि १९७० चा एक भाग तर मोरकॅम्बच्या घराच्या माळ्यावर! तो २०२१ च्या ख्रिसमसला बीबीसीनं परत दाखवला.

आता तुझ्या कामाचं. 'गुड ओल्ड डेज' १९५३ ते १९८३ असा तीस वर्षं चालला. आधीच्या वर्षांचं फार गेलंय. पण १९७८ च्या आसपास बीबीसी जागी झाली आणि नीट जतन करायला लागली, म्हणजे जितकं अलीकडचं तितकी आशा जास्त. सत्तरच्या दशकातले पण बरेच भाग आहेत, बीबीसीच्याच बीबीसी फोर चॅनेलवर परत दाखवलेत. म्हणून साल काढ आधी. सालाशिवाय काय नाही.

खानापूरची_माई
टेपवाले अण्णा, ती सनईची गोष्ट अगदी काळजाला लागली. आमच्या यजमानांनी गावच्या जत्रेतलं संगीत नाटक अख्खं भरून घेतलं होतं, त्यात माझे सासरे नारदाच्या भूमिकेत, आवाज काय होता त्यांचा. नंतर धाकट्यानं त्याच कॅसेटवर शाळेच्या गॅदरिंगसाठी डान्सचं गाणं भरलं. मागं नाटकाची शेवटची दोन मिनिटं तेवढी राहिलीत, टाळ्या आणि कुणाचं तरी खोकणं. ते पण आम्ही जपून ठेवलंय. तेव्हा साहेबांना काय नावं ठेवायची, आपण पण तेच करायलोय की.

बाळू, तुमची आत्या अजून सांगायला आहे ना, मग आधी तिच्याकडनंच सगळं काढून घ्या. टेप कुठं जात नाही.

शहापूरचा_बाळू
माई, बरोबर बोललात. काल संध्याकाळी चहाच्या वेळी मोबाईलवर आत्याचं बोलणं भरून घेतलं. साल नक्की सांगता येईना तिला, लग्नाच्या आदल्या वर्षी म्हणते, म्हणजे १९७५ किंवा ७६. मग विचारलं कोण कोण आलं होतं. एक माणूस उंच खुर्चीवर बसून लांबलचक अवघड शब्दात सगळ्यांची ओळख करून द्यायचा आणि लाकडी हातोडा आपटायचा, तो जरा अवघड बोलला की लोक मुद्दाम 'ओऽऽह' करायचे, हिनं पण केलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून गाणं म्हटलं. आणि एक म्हातारा, मांडीवर बाहुली घेऊन बोलायला आला पण त्याचेच ओठ हलायचे, बाहुलीचे हातपाय सुटून पडायला लागले, लोक हसून हसून बेजार. आपल्या अर्धवटरावांच्या अगदी उलटं म्हणे, पाध्यांनी बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

टेपवाला_निपाणी
अरे वा, हे तर सोनं हाय!! हातोडावाला म्हणजे लिओनार्ड सॅक्स, तो तर जवळजवळ प्रत्येक भागात असायचा, त्यानं काही कळायचं नाही. पण बाहुलीवाला म्हातारा सँडी पॉवेल असणार, मुद्दाम बिघडलेला शब्दभ्रमाचा खेळ हीच त्याची ख्याती. आता कलाकाराच्या नावानं भाग शोधता येतो.

ब्रॅडफर्डची_सून
माझं माहेर टिळकवाडी, लीड्सपासून जवळच राहते म्हणून बोलते. बीबीसी जिनोम म्हणून वेबसाईट आहे, 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकातले १९२३ पासूनचे कार्यक्रमांचे तपशील त्यावर फुकट शोधता येतात. गुड ओल्ड डेज आणि सँडी पॉवेल एकत्र टाका, साल ७५-७६, म्हणजे तारखा मिळतील. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ती तारीख दाखवल्याची, थेटरात शूटिंग आधी कधीतरी झालेलं असतं, त्यामुळं आत्याच्या आठवणीतला महिना आणि छापलेला महिना जुळला नाही तर तिला खोटं पाडू नका. दुसरं, तिथं नाव सापडलं म्हणजे टेप शिल्लक आहे असं नव्हे, ते फक्त वेळापत्रक. टेप आहे की नाही त्यासाठी कॅलिडोस्कोप म्हणून हरवलेले कार्यक्रम शोधणाऱ्यांची संस्था आहे, त्यांच्या टीव्ही ब्रेन नावाच्या यादीत बघा.

ते थेटर अजून चालू आहे. १८६५ चं बांधकाम, दुरुस्ती करून २०११ ला परत उघडलं. आत गेलं की जागा इतकी छोटी वाटते ना, की कॅमेरा नऊवारीवर दोनदा आला यात मला तरी काही नवल वाटत नाही. टोप्या-पिसांच्या गर्दीत ती एकच!

कुंदा_स्पेशल
बरं मी चेष्टा केली ती मागं घेतो. पण फोटो टाकच.

शहापूरचा_बाळू
ताई खूप आभार, आज रात्रीच बसतो जिनोमवर. आणि साडी आहे अजून! आत्यानं ट्रंक उघडून दाखवली, मी आतापर्यंत हिरवी समजत होतो, ती निघाली डाळिंबी, लाल काठ, टोप पदराला एके ठिकाणी चहाचा डाग. तो डाग त्याच रात्रीचा, इंटरव्हलला शेजारच्या नकली मिशीवाल्याचा धक्का लागला म्हणे. उजेडात फोटो काढून उद्या टाकतो, म्हणजे कुणाला एखादा भाग बघताना तो काठ दिसला तर ओळखू येईल.

टेपवाला_निपाणी
काठ आणि पदर दोन्हीचा काढ, नथीचा पण. चुलतभावाला मात्र सापडेपर्यंत काही बोलू नको.