सोलापुरात घरच्या रियाजासाठी लाकडी मरिम्बा कोणता घ्यावा?

प्रश्न
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते. मुलगी पुण्यात मरिम्बा (पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) शिकते, सुट्टीत घरी आली की रियाज थांबतो. हॉल दहा बाय बारा, बजेट बेताचं. रोझवूड किंवा पाडाउक या लाकडांच्या पट्ट्या, की सिंथेटिक, यांत काय घ्यावं? ओळखीचे सुतार शिसवाच्या पट्ट्या करून देतो म्हणतात. करून घेऊ का?

उत्तर १
ताई, सुताराकडून नको. शिसव रोझवूडच्याच जातकुळीतलं, लाकडाला नाव ठेवायला जागा नाही. पण पट्टी खालून कमानीसारखी कोरून मूळ स्वर लावावा लागतो आणि त्याच कोरण्यात दोन सप्तकं वरचा उपस्वरही (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा स्वर) जुळवावा लागतो. तो नसेल तर पट्टी सुरात असूनही बेसूर वाटते, आणि मुलीचा कान त्यालाच सरावेल.

पाडाउक घ्या. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास रोझवूडचा आवाज जास्त भरीव, हे खरं. पण ते लाकूड दुर्मिळ, म्हणून महाग, आणि कडक मॅलेटने (वाजवायच्या काठीने) जोरात वाजवलं तर तडकतं. ४.३ ऑक्टेव्हचा (म्हणजे सप्तकांचा) मरिम्बा साधारण दोन मीटर लांब असतो, तुमच्या हॉलमध्ये बसेल. जर्मन संगीतकार बाखचा चेलोसाठीचा पहिला स्वीट (रचनांची मालिका) एक सप्तक वर घेऊन त्यावर वाजवता येतो. पाच ऑक्टेव्हच्या मागे आत्ताच लागू नका. पट्ट्यांची रुंदी मात्र बघून घ्या. फार अरुंद पट्ट्यांवर हात बसला की क्लासमधल्या वाद्यावर अंदाज चुकतो.

उत्तर २
पाडाउकला माझंही मत. फक्त आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. पारा चाळिशीपार गेला की लाकूड सुकतं, स्वर किंचित चढतो. त्यावर कूलर लावला की ओलसर वारा थेट पट्ट्यांवर. वाद्य कूलरसमोर आणि पश्चिमेच्या खिडकीजवळ अजिबात ठेवू नका. वाजवून झालं की वर आपली सोलापुरी चादर टाका.

जुना मिळाला तर मऊ मॅलेटने एकेक पट्टी वाजवून बघा. एखादीच बद्द वाजली तर पट्ट्या ज्या दोरीत ओवलेल्या असतात, तिच्या भोकाजवळ चीर शोधा. दोरी झिजलेली असली तर चालेल, ती बदलता येते.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सुतारांना नाही म्हणते. खाली घरमालक राहतात, आवाजाचं काय करू?

उत्तर १
लोकर गुंडाळलेली मऊ मॅलेट वापरायची, चाकांखाली जाड सतरंजी दुहेरी घालायची. आणि दुपारी एक ते चार सुट्टी. त्या वेळात सोलापूर झोपतं.