मदत हवी आहे: मेंढरांचा खोकला आणि ताप, न्यूमोनियाच आहे का?

रामराम मंडळी. आमची माडग्याळ जातीची मेंढरं आहेत, जत तालुक्यात. मागल्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला, वाडा चिखलाने भरला, आणि त्यानंतर कोकरं खोकायला लागली. नाकातून आधी पाणी, आता घट्ट पिवळा शेंबूड. मान पुढं ताणून धापा टाकतात, चरत नाहीत, कळपाच्या मागं राहतात. ताप १०६ फॅरनहाइटपर्यंत जातोय (एरवी १०२-१०३ असतो). एक चांगलं धष्टपुष्ट कोकरू तर संध्याकाळी चरून आलं आणि सकाळी मेलेलं.

तोंडात फोड नाहीत, हगवण नाही, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग, त्यात तोंडात फोड आणि हगवण होते) लस झालेली आहे. म्हणून मला पाश्चुरेला या जिवाणूचा न्यूमोनिया वाटतो. पाश्चुरेलामुळेच होणाऱ्या घटसर्पाची लस यंदा पावसाआधी मिळाली नाही.

डॉक्टरांनी ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि ताप-सुजेचं इंजेक्शन चालू केलंय. मोठ्या मेंढ्या सावरल्या, कोकरांत फरक कमी. दुकानदार म्हणतो दुसरं भारी अँटिबायोटिक घ्या, पण त्याच्या सांगण्यावर मला बदलायचं नाही.

विचारायचं असं, की औषध बदलण्याआधी नाकातला स्राव किंवा मेलेल्या कोकराचं फुप्फुस तपासायला कुठं आणि कसं पाठवायचं? बर्फात ठेवलं तर चालतं ना? कळपात आजार चालू असताना बाकीच्यांना घटसर्पाची लस द्यावी का थांबावं? फुप्फुसातल्या जंतांनीही असाच खोकला येतो म्हणतात, तर लेंड्या तपासून घेऊ का?

आजारी मेंढरं वेगळी बांधलीत. काढे पाजायचं कृपया सुचवू नका, धापा टाकणाऱ्या कोकराच्या श्वासनळीत गेलं तर ते तिथंच संपतं. कळपात असं झालेल्यांनी किंवा पशुवैद्यकांनी सांगावं.