अनुभव धागा : तुमच्या घरातली नाताळची नवी पद्धत

आई गेली त्या वर्षी आम्ही नाताळचा फराळ, कुलकुल (तळलेले छोटे गोड शंख) आणि नेवऱ्या (करंज्या), बाहेरून आणला. ताट भरलं, पण घरात तळणाचा वास नव्हता. बाबा चरईतल्या घराच्या पायरीवर नुसते बसून राहिले. पुढच्या वर्षी मी सगळ्यांना बजावलं, नाताळाआधीच्या रविवारी आमच्याकडे यायचं, कुलकुल घरीच करायचे.

मैदा, थोडा रवा, अंडं, साखर आणि पाण्याऐवजी नारळाचं दूध. गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने वळवत सोडायची, की शंख तयार. आयुष्यभर स्वयंपाकघरात न शिरलेले बाबा काटा घेऊन बसले. त्यांचे कुलकुल जाड व्हायचे, आतून कच्चे राहायचे, म्हणून बहिणीने त्यांचा घाणा वेगळा, अगदी मंद आचेवर तळला. आता भाचा आधीच सांगून ठेवतो, "आजोबांचे जाड मला." त्यांचा डबाही वेगळा असतो. आईच्या हाताची चव आली नाही, येणारही नाही. घरात वास मात्र परत आला.

तुमच्याकडे काय सुरू झालं, टिकलं, सुटलं? सविस्तर लिहा.

नेरुळ

मी नर्स आहे. २४ डिसेंबरची रात्रपाळी बहुतेक वर्षी माझ्याच वाट्याला येते. आमच्यात मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवतात. ते सासूबाई करायच्या, मी सकाळी यायचे तेव्हा सगळं आटोपलेलं असायचं. चार वर्षांपूर्वी धाकटीने मूर्ती हातरुमालात गुंडाळून उशीखाली ठेवली आणि कोणाला देईना. साडेआठला मी दारात चपला काढतेय, तोवर तिने ती माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी येईपर्यंत आमची गव्हाण रिकामी असते.

सासूबाईंना हे रुचलं नव्हतं. मग फादरांनी त्यांना सांगितलं, संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात गव्हाण मांडली, तेव्हा गवत, बैल आणि गाढव होतं, मूर्ती नव्हत्याच. आता त्याच फोन करतात, "कुठवर आलीस? बाळ थांबलंय."

कोपरी, ठाणे पूर्व

मी ख्रिस्ती, नवरा हिंदू. दिवाळीचा कंदील सासरे त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवतात. त्याच हुकाला, त्याच होल्डरवर डिसेंबरात चांदणी लागते आणि तीही तेच लावतात. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, उतरवायची हे त्यांना माझ्याआधी आठवतं.

ऐरोली

आमची एक पद्धत फसली. सोळा जणांत चिठ्ठ्या टाकून भेटवस्तू द्यायच्या, मर्यादा ५०० रुपये. कोणी मर्यादा ओलांडली, कोणाचं मन दुखावलं, एक वहिनी रडली. दोन वर्षांत बंद केलं, ते बरंच झालं. चिठ्ठ्या अजून टाकतो, पण ज्याचं नाव येईल त्याच्या आवडीचा एक पदार्थ स्वतःच्या हाताने करून न्यायचा.

पनवेल

मुलगा टोरांटोत असतो. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. आमचे २५ तारखेचे सकाळचे साडेनऊ, तेव्हा त्याच्याकडे २४ च्या रात्रीचे अकरा. तो मिस्सेला निघायच्या तयारीत असतो. आम्ही तोवर केक कापत नाही. फोन भिंतीला टेकवून तो बुटाच्या नाड्या बांधतो, इथे सुरी माझ्या हातात असते, आणि ह्यांचं दरवर्षी एकच, "कानटोपी घातलीस का रे?"