शब्दचर्चा: सांडपाणी की मैलापाणी? व्यसन की सेवन?

म्हापशाहून: गटारातल्या पाण्यावरून शहरातला अमली पदार्थांचा वापर कसा काढतात, यावर लेख लिहितोय. ‘सांडपाण्यावरून व्यसनमापन’ हे नाव चालेल का?

फोंड्याहून: दोन्ही शब्द अडतात. आपल्याकडे सांडपाणी म्हणजे न्हाणीचं, भांडी घासल्याचं. ते माडाच्या मुळाशी सोडतात. इथे हवं ते लघवीतून आलेलं. कोकेनचं शरीरात बेंझॉयलेक्गोनीन होतं, मोजतात ते मुख्यतः तेच. म्हणून मैलापाणी. आणि व्यसन तर नकोच. एकूण किती पदार्थ शरीरात गेला एवढंच कळतं. कितीजणांनी घेतला, रोज की एकदाच, हे पाणी सांगत नाही. ‘सेवन’ लिहा.

पणजीहून: ‘प्रमाण’ हा शब्दही टाळा, त्यात संहती (लिटरमागे किती) आणि भार (दिवसाला एकूण किती) यांची गल्लत होते. समजा लिटरमागे 400 नॅनोग्रॅम बेंझॉयलेक्गोनीन सापडलं आणि दिवसाचा प्रवाह 1 कोटी लिटर. गुणाकार 4 ग्रॅम, हा भार. पावसाचं पाणी शिरून प्रवाह दुप्पट झाला तर संहती 200 वर येते, भार तोच राहतो. श्रावणात संहती उतरली म्हणून सेवन घटलं असं छापणं ही घोडचूक. 40 हजार वस्तीला भागलं की दर हजारी दिवसाला 100 मिलिग्रॅम. कोकेनचं सेवन काढायला याला गुणक लावतात, 3.59 बराच वापरात आहे, कारण घेतलेल्यातला थोडाच भाग या रूपात बाहेर पडतो.

म्हापशाहून: आणि ‘काँपोझिट सॅम्पल’?

फोंड्याहून: संमिश्र नमुना, म्हणजे थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला. पण ‘24 तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेला’ हे जोडाच. सकाळी एक बाटली भरून आणली तर हाती काहीही लागू शकतं, कारण फ्लशचं पाणी झोताझोताने येतं. बाटली 4 अंशांवर हवी, नंतर आम्ल घालून पीएच 2 वर किंवा गोठवून ठेवायची. उन्हात राहिली तर उरलेलं कोकेन आपोआप बेंझॉयलेक्गोनीन होतं आणि आकडा फुगतो.

पणजीहून: कोकेन वेगळं मोजा, ते यासाठीही. त्याचं बेंझॉयलेक्गोनीनशी गुणोत्तर एकदम वर गेलं तर कुणी पुडी संडासात ओतली असा संशय घ्यायचा. तो भार सेवन नव्हे.

म्हापशाहून: ‘लोकसंख्या’ तरी ठेवू ना?

पणजीहून: डिसेंबरात नको. जनगणनेच्या आकड्याने भागलं तर पाहुण्यांचं सेवन स्थानिकांच्या माथी जातं. त्याच पाण्यातल्या अमोनियावरून ‘हजर माणसं’ काढा. शिवाय ज्या घरांना सेप्टिक टँक आहे ती यात येतच नाहीत, तेव्हा ‘गोव्यातलं सेवन’ नव्हे, ‘मलवाहिनीला जोडलेल्या वस्तीतलं सेवन’ म्हणा.