करोनाच्या टाळेबंदीतला पगार: आपल्या कारखान्यात काय झाले?

टाइमऑफिस
माझा भाचा नुकताच कंत्राटदारामार्फत एका कारखान्यात लागला आहे. ‘मावशी, पावतीवर पीएफ कापलेला दिसतो, पण माझा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, कुठेच नाही,’ असे तो परवा म्हणाला आणि २०२० चा एप्रिल जसाच्या तसा आठवला.

तेव्हा मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये होते. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला की, बंद काळाचे वेतन कोणतीही कपात न करता ठरलेल्या तारखेला द्यावे. कायम कामगारांचा पगार त्याप्रमाणे झाला. कंत्राटी मुलांचा हजेरीपट मात्र माझ्याकडे कोणी मागितलाच नाही. त्यांचा मालक कंत्राटदार आहे, असे कंपनीचे म्हणणे होते आणि बिल निघाल्याशिवाय पैसे कुठून आणू, असे कंत्राटदाराचे. वास्तविक तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यायचे होते. पण घराबाहेर पडायलाच बंदी असताना त्या मुलांनी दाद मागायची कोणाकडे? आपापले अनुभव अवश्य लिहा.

टर्नर
मार्चचा पूर्ण, एप्रिलचा अर्धा आणि मेमध्ये फक्त मूळ वेतन. गृह मंत्रालयाचा आदेश मेच्या मध्यावर मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सांगितले, तेव्हा आमच्या युनियनने बसून करार केला: बंद दिवसांचे निम्मे वेतन सोडायचे, परंतु वर्षभर एकालाही कमी करायचे नाही, आणि त्यात प्रशिक्षणार्थी मुलेही धरायची. काही जुने सभासद अजून नाराज आहेत. मला तो करार योग्यच वाटतो, कारण आमच्या शेडमधले एकही मशीन माणसाविना राहिले नाही.

वहिफणी
इचलकरंजीत आमच्या घरी वडील आणि काका दोघेही मागावर. ५२ पिकाच्या (म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेल्या) कापडाला मीटरमागे ठरलेली मजुरी, म्हणजे माग बंद तर मजुरी बंद. मग ‘पूर्ण वेतन’ म्हणजे नेमके किती, हे कोण ठरवणार होते? मालकाने एप्रिलमध्ये काही रक्कम दिली, तिला आम्ही मदत समजलो. दिवाळीला बोनसमधून ती उचल म्हणून वळती झाली. वडील काही बोलले नाहीत, पण आईने त्या वर्षी वहीत पहिल्यांदाच मालकाच्या नावाने पान उघडले.

जॉबवर्क
माझे छोटे वर्कशॉप आहे, बारा माणसांचे. दोन महिने पूर्ण पगार दिला, तिसऱ्या महिन्यात जमले नाही, कारण मोठ्या कारखान्याकडे अडकलेली माझी बिले सुटलीच नाहीत. सरकारी हमीचे कर्ज आले, परंतु ते २९ फेब्रुवारीला असलेल्या थकबाकीच्या वीस टक्के. ज्याने बँकेचे कर्ज काढलेलेच नव्हते, त्याच्या हाती काय येणार? जर्मनीत कामाचे तास घटले की बुडालेल्या निव्वळ वेतनाचा साठ टक्के भाग, आणि मुले असतील तर सदुसष्ट टक्के, रोजगार विम्यातून मिळतो व माणूस कारखान्याच्या पटावर राहतो. आपल्याकडे आदेश सरकारचा आणि भार मात्र पूर्णपणे मालकावर, हे लहान उद्योगाला पेलणारे नव्हते. टर्नरदादा, आपला करार लेखी होता का? आमच्याकडे सर्व तोंडीच झाले, त्याची मला आजही खंत आहे.

टर्नर
लेखीच, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह.

सुईदोरा
यजमानांनी पीएफमधून आगाऊ रक्कम काढली. तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिल्लकेच्या पंचाहत्तर टक्के, यांतील जी कमी असेल ती मिळत होती. दिरांच्या आधारवरील नावात एक अक्षर वेगळे होते, म्हणून त्यांचा अर्ज परत आला. घर चालले हे खरे, पण ते आमच्याच म्हातारपणाच्या पैशांवर. मागाच्या ताई, आईंना नमस्कार सांगा.

टाइमऑफिस
सुईदोराताई, दिरांची नोकरी गेली असेल तर ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, मार्गही होता. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत त्या काळापुरता भत्ता सरासरी वेतनाच्या पंचवीसवरून पन्नास टक्के केला होता, नव्वद दिवसांपर्यंत, आणि मालकाच्या सहीवाचून थेट शाखा कार्यालयात दावा करता येत होता. आमच्या कंत्राटी मुलांपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते, आणि अनेकांची वर्गणी कापूनही भरलेली नव्हती.

वापीकर
कारखाने सुरू झाल्यावरचेही लिहायला हवे. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये बारा तासांची पाळी मंजूर केली आणि जादा तासांना दुप्पट नव्हे, साधाच दर ठेवला. निम्मी माणसे गावी गेलेली, त्यामुळे उरलेल्यांना नाही म्हणता येत नव्हते. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द करून जादा कामाचा मोबदला देण्यास सांगितले. आमच्या विभागात फरक मिळाला तो पंचिंगची नोंद असलेल्यांना. कंत्राटदाराच्या डायरीवर हजेरी असलेल्यांना तो मिळाला नाही, आणि ती डायरी मागूनही कोणी दाखवली नाही.