न्येरेरेंचा 'माबेपारी' : अनुवाद की भाष्य?

किनारपट्टी

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरची दोन नाटकं किस्वाहिलीत (पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा) आणली. 'ज्युलियस सीझर' १९६३ मध्ये आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' १९६९ मध्ये. दुसऱ्याचं नाव त्यांनी ठेवलं 'माबेपारी वा वेनिसी'. शब्द ओळखीचा वाटतोय ना? गुजराती वेपाऱ्यांबरोबर तिकडच्या किनाऱ्यावर उतरलेला हा 'बेपारी'. 'मा' लागला की अनेकवचन होतं. म्हणजे इंग्रजी नावात व्यापारी एक, किस्वाहिलीत अनेक.

ते एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण पुढची आहे. जुन्या किस्वाहिलीत बेपारी म्हणजे साधा व्यापारी. पण १९६७ साली अरुशा जाहीरनामा आला, बँका सरकारजमा झाल्या, देशाने समाजवादाची वाट धरली. त्या काळच्या राजकीय भाषेत 'बेपारी' म्हणजे भांडवलदार आणि 'उबेपारी' म्हणजे भांडवलशाही. तिच्याच जोडीने येणारा शब्द 'उन्योन्याजी', म्हणजे शोषण. तोही 'न्योन्या', चोखणे, या क्रियापदावरून. अशा वातावरणात खुद्द राष्ट्राध्यक्ष नाटकाच्या नावात हा शब्द घालतात, तेव्हा तो निरागस राहत नाही.

धंदा करणाऱ्यासाठी 'म्फान्याबियाशारा' हा सरळ शब्द हाताशी होता. इंग्रजी 'मर्चंट'मध्ये तुच्छता नाही. नाटकातल्या व्यापाऱ्याला, अँटोनिओला, गावात मान आहे, मित्र त्याच्यावर जीव टाकतात. न्येरेरेंनी मुखपृष्ठावरच निकाल देऊन टाकला. मूळ शब्दाची छटा सांभाळणं हे अनुवादकाचं काम. आपली छटा वरून ओतायची असेल तर प्रस्तावना लिहावी, असं माझं मत. तुमचं?

शब्दखोर

साफ असहमत. 'म्फान्याबियाशारा' म्हणजे बियाशारा करणारा, धंदेवाईक. टपरीवालाही त्यात आला आणि आयात-निर्यातवालाही. जहाजं समुद्रात, माल परदेशात, पत बाजारात, हे जे 'मर्चंट' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते त्यात कुठे आहे? तो शब्द घेतला असता तर छटा सांभाळली गेली नसती, पुसली गेली असती. आणि पुसलेलं लक्षात येत नाही म्हणून आपण त्याला प्रामाणिक अनुवाद म्हणतो!

अनेकवचनाबद्दल तर मी न्येरेरेंना दाद देईन. नाटकात व्यवहार कोण करत नाही? बसानिओ कर्ज काढून श्रीमंत मुलीला मागणी घालायला जातो. शायलॉक व्याजाने पैसे देतो. अँटोनिओ स्वतःचं मांस तारण ठेवतो. 'व्हेनिसचा व्यापारी' नेमका कोण, हा प्रश्न मूळ नावातही आहेच. हे वाचन त्यांनी बाहेरून आणलेलं नाही.

किनारपट्टी

वाचन आहे, हेच तर मी म्हणतोय. वाचन समीक्षेत करावं. किस्वाहिली वाचकाला इंग्रजी येत नसेल तर त्याला कळणारच नाही की मूळ नावात एकच माणूस होता.

मावशीबाई

दोघंही नाटकात अडकलात. मी नैरोबीत दुभाषाचं काम करते, बहुतेक दवाखान्यांमध्ये. तिथे छटा सांभाळा म्हणणाऱ्याने एक दिवस उभं राहून दाखवावं.

रुग्ण दगावला. डॉक्टर इंग्रजीत म्हणतात, 'आय अ‍ॅम सॉरी'. किस्वाहिलीत दोन वाटा आहेत. 'पोले' म्हणजे तुमच्या दुःखात मी आहे. हाच शब्द कुणी ठेचकाळलं तरी म्हणतात, दमून घरी आलेल्या माणसालाही म्हणतात, त्यात कुणाची चूक नसते. 'सामाहानी' म्हणजे क्षमा असावी. मी चुकून 'सामाहानी' म्हटलं तर नातेवाईक म्हणतील, अस्सं, म्हणजे तुमच्याकडून काहीतरी झालं! डॉक्टरांच्या शब्दात दोन्ही मिसळलेलं असतं, मला एका श्वासात एकच निवडावं लागतं.

किंवा रुग्णाबरोबर 'अंकल' आलेत. म्जोम्बा, म्हणजे मामा? की बाबा म्डोगो, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ? आपल्याला हे समजावायला नको, मामा आणि काका एकच मानणारी भाषा आपल्यालाच विचित्र वाटते. पण अर्जावर 'अंकल' असतं आणि मला विचारावंच लागतं. (नणंद-भावजयीला किस्वाहिलीत 'विफी' म्हणतात, रोमन लिपीत wifi. हल्ली यावरून होणारे विनोद तुमचे तुम्ही कल्पा.)

तेव्हा भाष्य न करता अनुवाद करा, हे ऐकायला छान आहे.

ओसाडगावकर

माझ्या मते खरा घोळ समित्यांचा आहे. टांझानियात राष्ट्रीय किस्वाहिली परिषद, बाकिता, १९६७ पासून आहे, त्यामुळे शब्द घडवण्याची हौस जुनीच. संगणकाला पुस्तकी शब्द 'ताराकिलिशी', रस्त्यावर 'कोम्प्युटा'. आपला 'भ्रमणध्वनी' आठवा. महासाथीत सरकारी कागदांवर 'उविको', लोकांच्या तोंडी 'कोरोना'. घडवलेल्या शब्दाला छटा नसतेच, शिक्का असतो.

शब्दखोर

सरसकट नको. एड्ससाठीचा 'उकिम्वी' हाही घडवलेलाच. शरीरातल्या प्रतिकारशक्तीची कमतरता, या किस्वाहिली शब्दांच्या आद्याक्षरांतून तो जुळवला, आणि आज तो सगळ्यांच्या तोंडी आहे. 'इकुलू' म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. तो सुकुमा-न्यामवेझी या टांझानियातल्याच भाषांतून घेतला, तिकडे मुखियाचा वाडा. मास्कसाठी 'बाराकोआ' रुळला, तो झांझिबारच्या खानदानी बायकांच्या जुन्या मुखपट्ट्याचा शब्द. जुन्या शब्दाला नवं काम दिलं तर लोक कुरकुर करत नाहीत, असं माझं निरीक्षण. न्येरेरेंनी 'बेपारी'चं तेच केलं.

किनारपट्टी

ओसाडगावकर, समित्यांसाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

मावशीबाई, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 'पोले' की 'सामाहानी' ही निवड भाषेने तुमच्यावर लादली. दोन्ही मिसळलेला एक शब्द हाताशी नाही. न्येरेरेंवर कुणी काही लादलं नव्हतं. एकवचन उपलब्ध होतं, दुसरा शब्द उपलब्ध होता. सक्तीने केलेली निवड आणि हौसेने केलेली निवड एका मापाने मोजू नका.

मावशीबाई

अशी रेघ ओढता येत नाही हो. पुरुष लग्न करतो ते 'कुओआ'. बाईसाठी 'कुओलेवा', म्हणजे कर्मणी, ती लग्नात घेतली जाते. इंग्रजीत 'शी मॅरीड हिम' असं ठणठणीत कर्तरी वाक्य आहे, आणि व्याकरण मला सांगतं की बाई कर्मणीत घाल. ही तुमची सक्ती झाली ना? पण 'कुओआना' असंही रूप आहे, एकमेकांशी लग्न करणं. 'त्यांनी लग्न केलं' म्हणून मी सुटू शकते. मग कर्ती बाई जाते, पण ती कर्मही राहत नाही. सांगा, ही सक्ती की हौस? जबानी लिहून घेताना मी 'कुओलेवा'च ठेवते, कारण बोलणारी बाई स्वतः तेच म्हणते. कथेचा अनुवाद असता तर बहुतेक 'कुओआना' केलं असतं.

शब्दखोर

वा, हे खरं उदाहरण!

उलटंही घडतं बरं का, इंग्रजीने लादलेलं किस्वाहिलीत गळून पडतं. नाटकातली ती श्रीमंत मुलगी, पोर्शिया, पुरुष वकिलाच्या वेषात कोर्टात येते. इंग्रजीत सगळ्यांना 'ही' म्हणावं लागतं. किस्वाहिलीत तो आणि ती दोघांना क्रियापदाच्या आधी एकच 'आ'. सोंग सर्वनामाने सांभाळावंच लागत नाही. आणि मराठी पोर्शियाला तर 'मी आलो' म्हणावं लागेल, प्रत्येक क्रियापदात खोटं बोलावं लागेल. आपल्याकडे प्रेक्षकाला दर वाक्याला गंमत कळते, दार-एस-सलामला ती फक्त वेषात उरते. याला कुणी अनुवादकाची हौस म्हणणार नाही, पण नाटक बदललंच.

किनारपट्टी

बदललं, मान्य आहे, पण भाषेमुळे बदललं. नाव मात्र माणसाने बदललं. 'कुओआना'सुद्धा मला चालेल, कारण ते वाक्यातल्या बाईला न्याय देण्यासाठी आहे, कुणाला आरोपी करण्यासाठी नाही. मी असतो तर 'म्फान्याबियाशारा वा वेनिसी' ठेवलं असतं.

शब्दखोर

पाटीवर मावलं असतं का ते?

किनारपट्टी

दोन ओळींत.