मदत हवी आहे: रिस्टार्ट केल्यावर कॉम्प्युटर पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर दुकानात टाकू का?

नमस्कार. इंदूरला रामबागेत माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज ११ होम. अँटिव्हायरस आहे, तरी दिवसभरात कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागतात त्याला गणती नाही.

गेल्या आठवड्यात एमपीपीएससीचा (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचा) फॉर्म भरायला एक मुलगी आली. आमच्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला आणि तिचे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. मार्कशीट, जातीचा दाखला, फोटो, प्रत्येकावर कोपऱ्यात तो छोटा बाण. बिचारी रडकुंडीला आली. मूळ फोल्डर नुसते लपवलेले होते, अ‍ॅट्रिब कमांड दिल्यावर परत दिसले. पण घाण माझ्याच मशीनमधून गेली होती, हे मनातून जात नाही. लोक विश्वासाने कागद हातात देतात हो.

भाच्याने डीप फ्रीझ नावाचं असं सॉफ्टवेअर सुचवलं, ते ड्राइव्ह ‘गोठवतं’, म्हणजे रिस्टार्ट केलं की तो होता तसाच होतो. तशाच रिबूट रिस्टोर आरएक्सचंही नाव ऐकलंय. माझी शंका अशी: गिऱ्हाइकांची अर्धवट टाइप केलेली कामं डी ड्राइव्हवर असतात, ती उडतील का? विंडोजचे अपडेट पुसले जातील का? विंडोजमध्ये सिस्टिम रिस्टोर आहेच, तेवढं पुरणार नाही का?

प्रतिसाद:
ताई, जरूर टाका. पण आधी मशीन कोरी करून विंडोज नव्याने घाला, नाहीतर आत्ताचा व्हायरसच गोठवून ठेवाल. सिस्टिम रिस्टोर तुमच्या कामाचं नाही. ते सिस्टिमच्या फाइली आणि सेटिंग मागे नेतं, कागदपत्रं नाही. शिवाय बरेच रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस) त्याचे रिस्टोर पॉइंट आधी पुसतात.

फक्त सी गोठवा, डी मोकळा ठेवा, म्हणजे कामं राहतील. मात्र मोकळ्या डीला या सॉफ्टवेअरचं काहीच संरक्षण नाही. रोज संध्याकाळी एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा, लावलेली राहिली तर तीही जाते. अपडेटसाठी आठवड्यातून एकदा गोठवण बंद करा, त्या वेळात कुणाचाही पेन ड्राइव्ह लावू नका, अपडेट झाले की पुन्हा गोठवा.

सगळ्यात महत्त्वाचं, रिस्टार्टने व्हायरस जातो, पण तोवर चोरलेला पासवर्ड परत येत नाही. म्हणून रात्री एकदा नाही, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर रिस्टार्ट. दोन-तीन मिनिटं जातील, जाऊ द्या. दुकानाचं बँकेचं लॉगिन त्या मशीनवर कधीच करू नका. गिऱ्हाइकांना अ‍ॅडमिन खातंही देऊ नका. असं गोठवण भेदणारे व्हायरस होऊन गेलेत, आणि डिस्कवर थेट लिहायला त्यांना बहुधा अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार, भाऊ. पेन ड्राइव्हमुळे एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला लागतं, तेच थांबवायचं होतं. रविवारी दुकान बंद ठेवून एकेक मशीन कोरी करते. फाँट आधी घालून मगच गोठवीन. एकच राहिलं: वर्डच्या शब्दकोशात मी वर्षानुवर्षं मराठी आडनावं आणि गावांची नावं भरली आहेत. ती फाइल सीवरून डीवर नेता येते का? कुठून करायचं ते कुणी सांगेल का?